खड्डा कुणाच्या नावावर?

अवैध वाळू उपशावरच्या मंत्र्यांच्या निवेदनाची प्रत सभागृह सुरू होण्याआधी हातात पडली. पाच पानं, त्यातली चार वाहनांची. ट्रॅक्टर किती पकडले, हायवा (मोठे डंपर) किती, जेसीबी किती, दंड किती, गुन्हे किती. तराफे किती नष्ट केले तेही होतं. ज्यावर आम्ही बोट ठेवलं होतं, तो नदीतला खड्डा मात्र पाचही पानांत कुठे नव्हता.

मी गोदाकाठच्या एका आमदारांकडे विधिमंडळाचं काम बघतो. मतदारसंघात सगळे त्यांना ताई म्हणतात, मीही तेच म्हणतो. पावसाळी अधिवेशनात आमची वाळूवरची लक्षवेधी (मंत्र्यांचं एखाद्या विषयाकडे लक्ष वेधून निवेदन मागणारी सूचना) लागली त्या दिवसाचं हे टिपण आहे. गावाचं नाव देत नाही, कारण माहिती देणारी माणसं अजून तिथेच राहतात.

वाळूवर विधानसभेत दर अधिवेशनात प्रश्न येतात आणि ते बहुतेक एकाच साच्यातले असतात: 'अमुक तालुक्यात अवैध वाळू उपसा सुरू असल्याचे निदर्शनास आले, हे खरे आहे काय?' याला 'हे अंशतः खरे आहे' असं उत्तर येतं आणि पुढे कारवाईचा तक्ता जोडलेला असतो. तो तक्ता खोटा नसतो. कारवाई खरोखर झालेली असते, फक्त ती झालेली असते गाडीवर. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) प्रमाणे अवैध उत्खननाला बाजारमूल्याच्या पाच पटीपर्यंत दंड करता येतो आणि ४८(८) प्रमाणे वाहन व यंत्र जप्त करता येतं. गाडी पकडली की तिच्यात सापडतात एक-दोन किंवा चार-पाच ब्रास (वाळू मोजायचं माप). दंड तेवढ्याचा होतो, वाहनाची दंडाची रक्कम वेगळी लागते. नदीतून आधीच गेलेले हजारो ब्रास कुणाच्याच नावावर पडत नाहीत. म्हणून मी ताईंना म्हणालो होतो, या वेळी गाड्यांबद्दल एक शब्दही विचारायचा नाही. फक्त खड्ड्याबद्दल विचारायचं.

खड्डा मोजायला अवघड नसतो, पण मेच्या अखेरीपर्यंत मोजावा लागतो. दहा जूनपासून पावसाळ्याची उपसाबंदी लागते आणि नदीला पाणी आलं की पुरावाच वाहून जातो. गावातल्या पोरांनी टेपने लांबी-रुंदी घेतली आणि दर दहा मीटरवर खोली घेतली. जिथे पाणी साचलं होतं तिथे फुटांच्या खुणा केलेला वेळू खाली सोडला. कडा ढासळलेल्या असतात, म्हणून मधली खोली धरून चालत नाही. सगळ्या खोल्यांची सरासरी काढावी लागते. आली १२० मीटर लांबी, ३५ मीटर रुंदी आणि सरासरी दोन मीटर खोली, म्हणजे ८,४०० घनमीटर. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, अर्थात २.८३ घनमीटर, त्या हिशेबाने सुमारे २,९७० ब्रास. हायवात पाच ब्रास धरली तर जवळजवळ सहाशे खेपा झाल्या, एका खड्ड्यातून.

पातळीसाठी त्यांनी जॅकवेलच्या (नळयोजनेचं पाणी उपसायच्या विहिरीच्या) चबुतऱ्यावर रंगाने खूण केली आणि सगळ्या खोल्या त्या खुणेपासून किती खाली आहेत ते लिहिलं. एवढं केलं की पुढे सरकारी मोजणी झाल्यावर दोन्ही कागद एकमेकांना जुळवता येतात. खूण नसेल तर 'तेव्हाचा खड्डा वेगळा, आत्ताचा वेगळा' म्हणायला वाट मोकळी राहते. जागेसाठी अक्षांश-रेखांश घेतले, कारण नदीपात्राला गट नंबर नसतो. कागदावर 'गट नंबर अमुक लगत' असं लिहितात आणि त्या 'लगत' शब्दात अर्धा किलोमीटर आरामात मावतो.

दुसरा पुरावा उपग्रहाचा. सेंटिनेल-२ ची चित्रं फुकट मिळतात, साधारण पाच दिवसांनी नवं चित्र येतं, एका ठिपक्यात दहा मीटर जमीन दिसते. ३५ मीटरचा खड्डा त्यात तीन-चार ठिपक्यांचा दिसतो. देखणा नसतो, पण तारीख छापील असते. मार्च, एप्रिल, मेची चित्रं ओळीने लावली की खड्डा वाढत गेलेला कुणालाही दिसतो. जून ते सप्टेंबर ढगांमुळे हाती काही लागत नाही, त्यामुळे बंदीच्या काळातला उपसा या चित्रांनी सिद्ध करू असं कुणी म्हणत असेल तर त्याच्या नादी लागू नये.

या सगळ्यावर माणसाची सही मात्र कुणाचीही घेतली नाही. वाळूच्या धंद्यात तहसीलदारांची गाडी कुठे आहे हे सांगायला चौकाचौकात पोरं बसवलेली असतात, तिथे तक्रारदाराचं नाव किती वेळ लपून राहणार? मोजमाप ग्रामसभेच्या ठरावाला जोडलं. ठराव सगळ्या गावाचा असतो, एकट्याला गाठून काही करता येत नाही.

गावाचं दुखणं वाळूचं नव्हतंच, पाण्याचं होतं. आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. ठरावाच्या दिवशी एक म्हातारे म्हणाले, "हीर तितंच हाय बाप्पा, गंगाच खाली गेली." अभियंत्याला पानभर लागलं असतं ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं. खाली काळा पाषाण, त्यावर काही मीटर वाळूचा थर, आणि काठच्या विहिरींना व जॅकवेलला उन्हाळ्यात पाणी येतं ते त्या थरातून. भरड वाळूतून तिच्या आकारमानाच्या साधारण पाचवा हिस्सा पाणी सुटतं असं धरलं तरी ८,४०० घनमीटर वाळूबरोबर सोळा-सतरा लाख लिटरची जागा गेली. माणशी ५५ लिटरने दोन हजार वस्तीच्या गावाचं ते पंधरा दिवसांचं पाणी. शिवाय खड्डा शेजारच्या वाळूतलं पाणी आपल्याकडे ओढतो आणि ते उघड्यावर उन्हाने उडून जातं. पुढच्या पुरात तिथे वाळूऐवजी गाळ बसला की झिरपणं आणखी मंदावतं.

वाळू परत येईल हे उत्तरही आम्ही आधीच धरून ठेवलं होतं. वरची वाळू जायकवाडी १९७६ पासून अडवून आहे. त्याखाली आपेगाव, हिरडपुरीपासून ढालेगाव, मुद्गल, डिग्रस अशी बंधाऱ्यांची रांग आहे. सिंदफणेवर माजलगाव आहे, दुधनेवर लोअर दुधना आहे. वाळू येणार कुठून?

लक्षवेधीचा मजकूर एकाच लांब वाक्याचा असतो आणि शेवट ठरलेला: 'जनतेत पसरलेली तीव्र असंतोषाची भावना, याबाबत शासनाने करावयाची कार्यवाही व शासनाची प्रतिक्रिया.' त्या वाक्यात काय घालायचं यापेक्षा काय वगळायचं यावर जास्त वेळ जातो. पाणीपुरवठा योजना कोरडी पडली हे मुख्य केलं तर सूचना पाणीपुरवठा विभागाकडे जाते. पर्यावरण परवानगीवर भर दिला तर पर्यावरणाकडे. विभाग एकमेकांकडे कागद ढकलतात तोवर अधिवेशन संपतं. म्हणून मुद्दा एकच ठेवला, वाळू उत्खनन, म्हणजे महसूल. पाणी आणि पर्यावरण उपप्रश्नांसाठी राखून ठेवलं.

ताईंच्या हातात मी एकच कागद दिला होता. त्यावर तीन वाक्यं मोठ्या अक्षरात होती. सभागृहात गोंधळ सुरू झाला की बारीक अक्षर वाचता येत नाही, हे नव्या लोकांना कुणी सांगत नाही.

निवेदन वाचल्याचं मानण्यात आलं. ताई उभ्या राहिल्या. "अध्यक्ष महोदय, वाहनं किती पकडली ते कळलं. माझा प्रश्न एवढाच आहे. या पात्राची उपशाच्या आधीची तळपातळी किती होती आणि उपसा थांबला तेव्हा किती होती?"

अधिकाऱ्यांच्या दीर्घेतून चिठ्ठी मंत्र्यांकडे गेली. उत्तर आलं, सध्या नदीला पाणी असल्याने मोजणी शक्य नाही, पाणी ओसरल्यावर करून घेऊ.

ऐकायला हे वाजवी वाटतं आणि दहापैकी नऊ सदस्य इथे 'कधीपर्यंत करणार' असं विचारून खाली बसतात. आमचं दुसरं वाक्य यासाठीच होतं. केंद्राच्या २०२० च्या वाळू उत्खनन अंमलबजावणी व देखरेख मार्गदर्शक सूचनांत पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर पात्राचं सर्वेक्षण सांगितलेलं आहे. किती वाळू नव्याने आली हे त्यावरूनच ठरतं, आणि त्यावरूनच किती उपसायची परवानगी द्यायची ते. ताई म्हणाल्या, "आत्ता मोजा असं मी म्हणतच नाही. जे आधीच मोजलेलं असायला पाहिजे ते वाचून दाखवा. मोजलेलं नसेल तर लिलावाचं प्रमाण कशावरून ठरवलं ते सांगा."

पुन्हा चिठ्ठी. मग आणखी एक. मंत्री म्हणाले, हा खड्डा लिलाव झालेल्या वाळूगटाच्या (उपशासाठी आखून दिलेल्या पात्राच्या तुकड्याच्या) हद्दीबाहेर आहे. तिसरं वाक्य: बाहेर असेल तर तो पूर्ण अवैध, मग २,९७० ब्रासचा पाचपट दंड कुणावर बसवला? आत असेल तर परवान्यातल्या खोलीच्या मर्यादेचं काय झालं? दोन्ही बाजूच्या सदस्यांनी बाकं वाजवली. वाळूवर पक्ष बघून बाकं वाजत नाहीत, कारण दोन्हीकडे गोदाकाठ आहे (आणि खरं सांगायचं तर दोन्हीकडे वाळूवालेही आहेत). अध्यक्षांनी पूर्ण माहिती घेऊन येण्यास सांगितलं आणि लक्षवेधी राखून ठेवली.

लक्षवेधी राखून ठेवली जाणं ही सदस्याच्या दृष्टीने कमाई असते. उत्तर आलं असतं तर विषय तिथेच बंद झाला असता. राखून ठेवल्यावर त्याच अधिवेशनात विभागाला पुन्हा कागद काढावे लागतात आणि जिल्ह्यातून रात्री-अपरात्री माहिती मागवली जाते.

दुसरं निवेदन दीड पानाचं होतं आणि त्यात वाहनं नव्हती. उपशाआधीच्या पातळ्यांचा तक्ता होता. उपशानंतरचा रकाना मोकळा होता. खड्ड्याचा काही भाग हद्दीत, काही बाहेर असल्याचं अक्षांश-रेखांशांवरून मान्य केलं होतं. मंत्र्यांनी ईटीएस (इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशन या जमीन मोजायच्या यंत्राने) मोजणी करून फरकाच्या वाळूचा दंड निश्चित करण्याचं आश्वासन दिलं.

इथे एक मेख होती. आश्वासनाची पूर्तता ९० दिवसांत व्हायला हवी. जुलैत दिलेल्या आश्वासनाचे ९० दिवस ऑक्टोबरात संपतात आणि नेमक्या त्याच सुमाराला बंधाऱ्यांची दारं टाकून पाणी अडवलेलं असतं. खड्डा तेव्हा सगळ्यात खोल पाण्याखाली. ईटीएस कोरड्या पात्रात चालतं, भरलेल्या बंधाऱ्यात त्याचा उपयोग नाही. मुदतवाढ, पुन्हा मुदतवाढ, आणि उन्हाळ्यात पात्र उघडं पडेपर्यंत तिथे नवा खड्डा. ताईंनी उठून एवढंच विचारलं, पाणी असेल तर होडीतून इको साउंडरने (आवाजाच्या लहरींनी खोली मोजणाऱ्या यंत्राने) तळ मोजणार का? मंत्री म्हणाले, होय. ते 'होय' कार्यवाहीच्या वृत्तांतात आहे याची खात्री करून मगच मी विधान भवनातून निघालो. आश्वासन समितीला लिहिलेल्या पत्रात तोच उतारा जोडला आहे.

गोदाकाठच्या ग्रामपंचायतींना आता एक पानी नमुना पाठवतो. त्यात रकाने असे: जॅकवेलवरच्या खुणेपासून पात्राच्या तळाची खोली, मार्चअखेर आणि मेअखेर, खड्डा असल्यास लांबी, रुंदी, दर दहा मीटरवरची खोली, अक्षांश-रेखांश, जवळच्या तीन विहिरींची पाणीपातळी, ग्रामसभेच्या ठरावाचा क्रमांक व तारीख. मोजणाऱ्याच्या नावाचा रकाना ठेवलेला नाही.