त्या कागदात आमची मजुरी आहे का?

"ताई, त्या कागदात आमची मजुरी आहे का?"

पिंपळगावजवळ द्राक्षबागेत आज दुपारी भाकरी सोडता सोडता एका मावशींनी विचारलं. विरळणी करून त्यांची बोटं हिरवी पडली होती.

मी डब्ल्यू-२० या जी-२० देशांमधल्या स्त्रियांच्या गटाबद्दल आणि त्यांच्या मागण्यांच्या कागदाबद्दल सांगत होते. जी-२० देशांनी २०१४ मध्ये ब्रिस्बेनला ठरवलं, कामातल्या सहभागातली स्त्री-पुरुष दरी २०२५ पर्यंत २५ टक्क्यांनी कमी करायची. पुढच्याच वर्षी नेत्यांपुढे स्त्रियांच्या मागण्या मांडायला हा गट सुरू झाला. २०२३ मध्ये त्याची बैठक छत्रपती संभाजीनगरला झाली. इतकी जवळ!

अशा दबावाशिवाय जी-२० च्या घोषणापत्रात आपल्यासाठी एक ओळही येत नाही, हे मला मनापासून पटतं.

पण मावशींना काय सांगू? शेजारच्या गड्याची रोजची मजुरी त्यांच्याहून जास्त आहे. मसुदा लिहिणाऱ्या बायांपर्यंत ही हिरवी बोटं कोण नेणार?