बंड्या, गडगडाट आणि गोड गोळ्या

कुत्र्याला होमिओपॅथीचं औषध निवडायचं म्हणजे पहिला प्रॉब्लेम हा की पेशंट बोलत नाही. माणसाला डॉक्टर तासभर समोर बसवून विचारतात, तहान किती लागते, झोप कशी, स्वप्नं कसली पडतात, गरम सोसतं की गार, कशाची भीती वाटते, आणि त्या सगळ्यातून एक औषध काढतात. कुत्र्याच्या बाबतीत ही उत्तरं आपणच द्यायची, आणि आपण देतो पण! 'तो मनाने फार हळवा आहे हो' वगैरे. आता हळवा आहे की भूक लागलीये ते त्याचं त्यालाच माहीत.

आमचा बंड्या आता म्हाताऱ्यात जमा. आयुष्यभर बाहेर ढग कोसळत असताना खुशाल घोरत पडणारा प्राणी, आणि गेल्या वर्षीपासून अचानक गडगडाट सुरू झाला की धापा काय टाकतो, लाळ काय गाळतो, बाथरूममध्ये बादलीच्या मागे जाऊन स्वतःला कोंबून काय घेतो. नंतर नंतर तर नुसतं आभाळ भरून आलं तरी फेऱ्या सुरू. माझ्या एका मैत्रिणीकडे त्या छोट्या बाटल्यांची अख्खी पेटी आहे आणि तिचा त्यावर देवासारखा विश्वास. ती म्हणाली, अगं नुसतं घाबरतो सांगून चालत नाही, कसा घाबरतो ते सांग.

आणि खरं सांगू का, इथपर्यंत मला ती पद्धत आवडली. कारण त्यांच्याकडे भीतीचेसुद्धा प्रकार आहेत. एकदम दचकून, मरणाची भीती वाटल्यासारखं झालं तर अ‍ॅकोनाइट. भीतीने हातपाय गळून सुन्न पडला, जुलाब लागले तर जेलसेमियम. घरातलं माणूस गेलं, सोबतचा कुत्रा गेला आणि हा खाईना तर इग्नेशिया. खाली उतरताना घाबरतो, बारीक आवाजानेही दचकतो तर बोरॅक्स. गडगडाट म्हटलं की पहिलं नाव फॉस्फरस, पण त्याचा पेशंट प्रेमळ, सगळ्यांच्या अंगाला अंग लावणारा, गार पाण्याची आवड असलेला वगैरे. बंड्या प्रेमळ आहे, पण फक्त डबा उघडला की. त्यामुळे आम्ही अडलो.

मग तिने मला वही घालायला लावली. रोज काय दिसतं ते लिही, अर्थ लावू नकोस. ही सूचना सोन्यासारखी निघाली. कारण दोन आठवड्यात त्या वहीत भीतीपेक्षा भलतंच जास्त जमा झालं. सकाळी उठताना मागचा उजवा पाय आधी लांब ताणतो मग टेकवतो. पहिली काही पावलं लाकडासारखी, अंगणात एक चक्कर झाली की ठीक. सोफ्यावर चढताना पुढचे दोन पाय ठेवून थांबतो, जरा विचार करतो, आणि कधीकधी बेत रद्द करून खाली आडवा होतो. उजव्या कुशीवर झोपत नाही. ओळखीचा कुत्रा मागून हुंगायला आला की गुरकावतो, जे त्याने आधी कधी केलं नव्हतं.

मैत्रीण खूश. सुरुवातीला आखडणं आणि हालचालीने मोकळं होणं म्हणजे ऱ्हस टॉक्सचं अगदी पुस्तकी लक्षण, पण वादळाच्या आधी सांधे दुखणं आणि वादळाची भीती दोन्ही हवं असेल तर ऱ्होडोडेंड्रॉन. म्हणजे एका बाटलीत दोन्ही तक्रारी. थर्टी पोटन्सी, जिभेवर चुरून. दिली. आणि पुढचे काही दिवस बंड्या खरंच शांत वाटला, फक्त त्या काही दिवसांत ढगही कुठे गडगडले नव्हते.

इथे माझं डोकं जरा चालायला लागलं. थर्टी म्हणजे शंभरात एक भाग असं पातळ करायचं, त्यातला एक थेंब घेऊन परत शंभरात एक, असं ३० वेळा. हिशोब केला तर एकावर ६० शून्य. साधारण बाराव्या पायरीनंतरच मूळ पदार्थाचा एखादा रेणू तरी बाटलीत असण्याची आशा संपते. होमिओपॅथीचे जनक हानेमान यांनी ही सगळी मांडणी १८१० साली पुस्तकात आणली, त्यांच्या काळी लोकांचं रक्त काढून काढून 'इलाज' करत, त्याच्यापुढे काहीच न देणं हेसुद्धा चांगलंच म्हणायचं. पण आज? ऑस्ट्रेलियाच्या आरोग्य संशोधन परिषदेने २०१५ साली सगळा पुरावा तपासून सांगितलं की होमिओपॅथी परिणामकारक आहे असा भरवशाचा पुरावा कुठल्याही आजाराबाबत नाही.

यावर नेहमीचं उत्तर येतं, माणसाला विश्वासाने बरं वाटेल, कुत्र्याला काय कळतंय गोळी कसली आहे ते, म्हणजे त्याला फरक पडला तर औषधच खरं. मलाही हे आधी पटायचं. पण २००८ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे, फटाक्यांना घाबरणाऱ्या ७५ कुत्र्यांचा. काहींना होमिओपॅथीचं औषध, काहींना तसंच दिसणारं पण त्यात काही नसलेलं, आणि मालकांना माहीत नाही कुणाला काय. दोन्ही गटांतल्या मालकांनी सांगितलं की भीती कमी झाली! दोन्ही गटांत सारखंच. म्हणजे विश्वास कुत्र्याचा नाही, आपला काम करतो. आपण निवांत होतो, जरा जास्त जवळ घेतो, आणि बघतोही तेच जे बघायचं असतं. लंगडणाऱ्या कुत्र्यांवरही असंच आढळलंय, नुसत्या खोट्या गोळीवर असलेल्या कुत्र्यांचे निम्म्याहून जास्त मालक सुधारणा झाली असं समजत होते, आणि व्हेट लोकही या फसगतीतून सुटले नव्हते.

तर मी ती वही घेऊन व्हेटकडे गेले, सोबत बंड्या उठतानाचा आणि सोफ्यापाशी थबकतानाचा मोबाइलवरचा व्हिडिओ, कारण दवाखान्यात गेला की हा प्राणी घाबरून अगदी नीट चालतो. त्यांनी वही शांतपणे वाचली, मागचा पाय मागे ओढून बघितला, बंड्याने मान वळवून त्यांच्याकडे असं बघितलं की बास. एक्स-रेमध्ये उजवा खुबा झिजलेला. मग त्यांनीच सांगितलं की उतारवयात अचानक सुरू झालेली आवाजाची भीती दिसली की दुखणं शोधायचं. यावर २०१८ मध्ये एक अभ्यास आलाय, छोटाच, २० कुत्र्यांचा, पण त्यात दुखणं असलेल्या कुत्र्यांमध्ये आवाजाची भीती बरीच उशिरा सुरू झालेली होती आणि ही कुत्री दुसऱ्या कुत्र्यांना टाळायचीही जास्त. दचकलं की स्नायू आवळतात, आधीच दुखणारा सांधा आणखी दुखतो, आणि मग आवाज म्हणजे दुखणं असं समीकरण बसतं, असा त्यामागचा अंदाज. गुरकावण्याचाही उलगडा झाला.

रक्ततपासणी करून वेदनेचं औषध सुरू झालं, वजन उतरवायला सांगितलं (ते प्रकरण वेगळं, त्यावर बंड्याचं मत छापण्यासारखं नाही), फरशीवर घसरू नये म्हणून जाड चटया. गडगडाटाची भीती पूर्ण गेलेली नाही. पण बादलीच्या मागून तो आता माझ्या खुर्चीखाली आलाय आणि लाळ थांबलीये. मैत्रिणीचं म्हणणं ऱ्होडोडेंड्रॉनचा गुण उशिरा आला. आमची दोस्ती शाबूत आहे.

तुम्हाला गोळ्या द्यायच्याच असतील तर मी कोण अडवणार, पण काही गोष्टींत बाटली निवडत बसायची वेळच नसते. पोट फुगलंय आणि उलटीचा जोर येतोय पण बाहेर काही पडत नाही, तर तसंच उचलून दवाखाना. नसबंदी न झालेली कुत्री, हीट होऊन काही आठवडे झालेत आणि सारखं पाणी पितेय, मलूल आहे, तर गर्भाशयात पू असू शकतो. हिरड्या पांढऱ्या पडल्यात आणि अंगावर गोचिड्या होत्या, ताप आहे, तरी तडक दवाखाना. आणि स्वभावच एकाएकी बदलला, लाळ गळतेय, गिळता येत नाहीये, तर रेबीजचा विचार आधी, तोंडात हात घालून गोळी द्यायला जाऊ नका. लसीच्या जागी 'नोसोड' (रोगाच्याच अंशापासून केलेलं होमिओपॅथीचं औषध) देणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, फक्त माझा कुत्रा त्यांच्या कुत्र्याजवळ नेत नाही.

गोळ्या कशाच्या बनल्यात तेही वाचा. साखर किंवा लॅक्टोज असेल तर दोन-चार गोळ्यांनी काही बिघडत नाही, पण काही गोळ्या झायलिटॉलच्या असतात आणि ते कुत्र्याला विष आहे, रक्तातली साखर धाडकन खाली येते. थेंबांच्या बाटलीत बहुतेक वेळा अल्कोहोल असतं. आणि गोळीने फरक पडेना म्हणून वैतागून घरातली आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल तर अजिबात देऊ नका, त्याने कुत्री खरोखर मरतात.