परतीची वाट: एअर की सरफेस?

आमच्या गावापासून समुद्र ६०० किलोमीटरच्या पुढे आहे. दिग्रसजवळचे अरुणावती धरण भरले की सहकुटुंब पाणी पाहायला जाणे, एवढेच आमचे जलपर्यटन. मी स्वतः समुद्रात एकदाच गेलो आहे, गेटवेपासून घारापुरीपर्यंत, आणि त्या तासाभराच्या लाँचमध्ये सौभाग्यवतींनी हातात धरलेली प्लास्टिकची पिशवी किनाऱ्याला लागेपर्यंत सोडली नव्हती. अशा दांपत्यापुढे न्यू जर्सीत राहणाऱ्या आमच्या मुलीने यंदा पोळ्याला घरी आली असताना प्रस्ताव ठेवला की, फेब्रुवारीत विमानाने तिच्याकडे जावे, दोन महिने राहावे आणि परतताना फ्लोरिडाहून क्रूझ बोटीने अटलांटिक महासागर ओलांडून बार्सिलोनाला उतरावे आणि तेथून मुंबईचे विमान धरावे. पोळा जाऊन आता दिवाळी झाली, तरी जावे की न जावे, हा विषय आमच्या ओसरीवरून उठलेला नाही.

मी टपाल खात्यातून निवृत्त झालो. परदेशी पार्सल घेऊन कोणी खिडकीशी आले की माझा पहिला प्रश्न ठरलेला असे: एअर की सरफेस? एअर म्हणजे महाग आणि लवकर. सरफेस म्हणजे स्वस्त, बोटीने, आणि केव्हा पोचेल ते विचारू नका. पुस्तके, गोधड्या, भांडी असा घाई नसलेला माल सरफेसने जाई. वयाच्या पासष्टीत आपणच घाई नसलेला माल झालो आहोत, हे मुलीच्या प्रस्तावामुळे प्रथम ध्यानात आले.

या बोटी एरवी अटलांटिक ओलांडून ये-जा करीत नाहीत, हे मला ठाऊक नव्हते. हिवाळाभर त्या कॅरिबियन बेटांभोवती फिरतात आणि उन्हाळा लागला की भूमध्य समुद्रात येतात. आमच्याकडे काठेवाडी लोक गायी घेऊन चाऱ्यामागे हिंडतात, तशा या बोटी उन्हामागे हिंडतात. त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत त्या अमेरिकेकडून युरोपाकडे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये उलट दिशेने जातात, आणि बोट एवीतेवी न्यायचीच असल्याने या फेऱ्यांचे भाडे दर रात्रीच्या हिशेबाने पुष्कळदा कमी पडते. प्रवास साधारण १३-१४ रात्रींचा असतो. जाताना बोटीने जाण्याचा प्रश्नच आमच्यापुढे नव्हता, कारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सोयाबीन निघते, सीतादहीची पूजा करून कापसाची वेचणी सुरू होते, आणि त्या दिवसांत गाव सोडणारा शेतकरी एकतर मंत्री असतो किंवा कर्जबाजारी. एप्रिल-मे मात्र मोकळे. अडचण एकच, गुढीपाडव्याला सालगडी ठरवावा लागतो, आणि ते काम यंदा धाकट्या भावावर टाकावे लागेल.

जावईबापूंनी दुसरी वाट सुचवली होती. न्यूयॉर्क ते साउदॅम्प्टन अशी ‘क्वीन मेरी २’ ही बोट सात रात्रींत महासागर ओलांडते. २००४ साली सेवेत आलेली ही ३४५ मीटर लांबीची बोट नुसती क्रूझ नव्हे, तर जुन्या अर्थाने महासागर ओलांडण्यासाठीच बांधलेली आहे. नाळ, म्हणजे पुढचे टोक, लांब, सांगाडा अधिक भक्कम, वेग अधिक. अशी नियमित सेवेत असलेली जगात ही एकच उरली आहे. मोह झाला, हे कबूल करतो. परंतु तिच्यासाठी ब्रिटनचा वेगळा व्हिसा लागतो, वाटेत कोठेही थांबा नाही, आणि मार्ग उत्तरेकडचा, थंडी आणि धुक्याचा. शिवाय त्या बोटीवर काही संध्याकाळी पुरुषांनी कोट-टाय घालावा, अशी अपेक्षा असते. मी लग्नातही कोट घातला नव्हता. सौभाग्यवतींचे काय, त्यांच्या पैठणीपुढे कोणताही कप्तान उठून उभा राहील.

उत्तरेचा मार्ग म्हटल्यावर ‘टायटॅनिक’चे नाव निघालेच. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री ती हिमनगावर आदळली; बोटीवर सुमारे २,२०० माणसे आणि जीवरक्षक होड्यांत जागा १,१७८ जणांची, आणि त्यातल्याही कित्येक होड्या अर्धवट भरून सोडल्या गेल्या. जवळपास १,५०० माणसे गेली. त्यानंतर १९१४ साली समुद्रावरील जीवसुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार झाला, प्रत्येक माणसासाठी होडीत जागा असणे बंधनकारक झाले आणि उत्तर अटलांटिकमध्ये हिमनगांवर पाळत ठेवणारी गस्त सुरू झाली, ती आजही चालू आहे. २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ कलंडली, तेव्हा नव्याने चढलेल्या बऱ्याच प्रवाशांची संकटकाळी बोट सोडण्याची कवायत व्हायची होती. तेव्हापासून बोट सुटण्यापूर्वीच ती घेतली जाते. हे सारे मी घरात वाचून दाखवले आणि अटलांटिकची सरासरी खोली ३,६०० मीटरच्या आसपास आहे, हेही प्रामाणिकपणे सांगून टाकले. त्यावर सौभाग्यवती एवढेच म्हणाल्या, “खोली किती का असेना, बुडायला आपल्या विहिरीचं पाणीही पुरतं.” त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या. त्यांना बुडण्याचे भय नाही, उलटीचे आहे.

म्हणून मी त्या विषयात शिरलो. कानाच्या आतील तोल सांभाळणारा भाग ‘आपण हलतो आहोत’ असे सांगतो आणि डोळ्यांना मात्र खोलीच्या भिंती स्थिर दिसतात. या दोन साक्षींचा मेळ बसत नाही, म्हणून मळमळते. त्यावर उपाय म्हणजे बोटीच्या मधोमध आणि खालच्या मजल्यावरची केबिन घेणे. एसटीच्या मागच्या बाकावर बसून दारव्हा-दिग्रस केलेल्या माणसाला हे शास्त्र वेगळे शिकवावे लागत नाही. बोट जेवढी लांब तेवढी लाटांवर कमी नाचते, आणि या बोटींची लांबी ३०० मीटरच्या आसपास असते; शिवाय पाण्याखाली दोन्ही अंगांना पंखांसारखे स्थिरक असतात, ते डोलणे बरेच कमी करतात. घारापुरीच्या लाँचवरून अटलांटिकचा अंदाज बांधणे म्हणजे डोंग्यावरून धरणाचा अंदाज बांधण्यासारखे आहे. अटलांटिकमधील चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा धरला जातो, त्यामुळे एप्रिलअखेरची फेरी त्याच्या बाहेर राहते. तरीही समुद्र खवळणार नाही, असे कोणी लिहून देत नाही. ॲव्होमिनच्या गोळ्या आणि सुंठ बरोबर राहतील.

सौभाग्यवतींनी एकदा आनंदीबाई जोशींचे उदाहरण माझ्या अंगावर फेकले. १८८३ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून निघालेली अठरा वर्षांची ती मुलगी, पती बरोबर नसताना, जूनमध्ये न्यूयॉर्कला पोचली, आणि तेव्हा समुद्र ओलांडणे म्हणजे धर्म बुडवणे होते. मी म्हटले, आनंदीबाईंपुढे दुसरी वाट नव्हती, आपल्यापुढे विमान आहे. धाडस सक्तीचे असते तेव्हा त्याचा विचार करावा लागत नाही. विकत घ्यावे लागते तेव्हा मात्र करावा लागतो. हे उत्तर त्यांना पटले नाही, परंतु मला अजूनही ते बरोबरच वाटते.

या महासागराचा आमच्या वऱ्हाडाशी एक जुना हिशेब आहे, तो सांगायचा मोह आवरत नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू असताना उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली, अमेरिकी कापूस अटलांटिक ओलांडून इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांपर्यंत पोचेना, आणि वऱ्हाडातल्या कापसाला कधी नव्हे असा भाव आला. खामगाव, अमरावतीच्या पेठा गजबजल्या. १८६७ साली रेल्वे नागपूरपर्यंत पोचली. मात्र युद्ध संपताच वाट मोकळी झाली आणि भाव कोसळला. अटलांटिक बंद झाला तेव्हा आमचे दिवस पालटले आणि उघडला तेव्हा पुन्हा पालटले, आणि ज्या शेतकऱ्यांच्या घरात हे घडले त्यांच्यातल्या कोणी तो कधी पाहिला नव्हता. कापूस वेचणाऱ्या घरातला कोणी तरी तो एकदा पाहावा, हे कारण हिशेबाच्या वहीत मांडता येत नाही. परंतु माझ्या मनात त्याचे वजन भाड्यापेक्षा जास्त आहे.

कागदपत्रांचे पाहू. अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा मागच्या खेपेस मुंबईला जाऊन मिळवलेला आहे. नवा लागेल तो शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा, कारण बोट अझोर्स बेटांवर पाँटा डेलगाडाला थांबते, ती बेटे पोर्तुगालची आहेत, आणि पुढे स्पेन. तो नसेल तर फ्लोरिडातच बोटीवर चढू देत नाहीत. अर्ज आपण राहतो त्या देशातून करायचा असतो आणि प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, म्हणजे अमेरिकेला जाण्यापूर्वी, डिसेंबरातच तो उरकावा लागेल. या व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमाही लागतो.

पैशांबाबत एक गोष्ट लवकर कळली, ती ही की जाहिरातीतले भाडे म्हणजे नुसती बैलाची किंमत. वेसण, झूल, दावे वेगळे. ते भाडे एका खोलीत दोघे राहतील असे धरून दरडोई असते. त्यावर बंदराचे कर, कर्मचाऱ्यांसाठी रोजची डॉलरमधली बक्षिसी, इंटरनेटचे वेगळे पैसे, आणि बार्सिलोनाहून एकेरी विमान तिकीट. दारूचे पॅकेज आम्हाला नको, एवढीच बचत. येथील प्रवासी कंपनीकडून घेतले तर टीसीएस, म्हणजे पैसे भरतानाच आगाऊ घेतला जाणारा प्राप्तिकर, कापला जातो; तो विवरणपत्र भरताना वळता होतो, पण पैसे तोवर अडकतात. सर्व मिळून सरळ विमानाने परतण्यापेक्षा हा प्रवास आम्हाला बराच महाग पडतो. टपालात सरफेस स्वस्त असे. माणसांच्या बाबतीत दर उलटे आहेत.

मला रक्तदाबाचा त्रास आहे. बोटीवर डॉक्टर आणि लहानसा दवाखाना असतो, त्याचे बिल भरमसाट येऊ शकते, आणि महासागराच्या मधल्या टप्प्यात किनाऱ्यावरचे हेलिकॉप्टर पोचू शकत नाही. हे ऐकून मुलगी घाबरली. मी तिला म्हटले, आपल्या घरून यवतमाळच्या रुग्णालयात पोचायला दीड तास लागतो, तोही जीप मिळाली तर. बोटीवर डॉक्टर जिन्याखाली असेल. तिला हसू आले नाही.

खरा अडसर या कशाचाच नव्हता. आई ८६ वर्षांची आहे. फ्लोरिडा सोडल्यापासून अझोर्स येईपर्यंत सहा-सात दिवस केवळ पाणी असते. उपग्रहावरून निरोप येईल, पण तो ऐकून उतरता येणार नाही. मी स्वतःशी पुष्कळ हिशेब केला. उन्हाळ्यात आमच्या गावात माती फार वेळ ठेवत नाहीत, त्यामुळे शेवटचे काही झालेच तर न्यू जर्सीतून विमानानेही मी वेळेवर पोचणार नाही. म्हणजे प्रश्न मरणाचा नाही, आजारपणाचा आहे. आई दवाखान्यात असताना दोन दिवसांत येता येणे आणि नऊ दिवसांनी येणे, यांतला फरक मोठा आहे. हे बोलणे तिच्यापुढे काढायचे मी महिनाभर टाळले. अखेर तीच म्हणाली, “जाय ना बाप्पा, पाह्यून ये. मले काही झालंच, तं लहाना हाये ना.” धाकटा भाऊ तेथेच तुरीच्या शेंगा निवडत बसला होता. मान वर न करता तो म्हणाला, “दादा, तू तीस वर्सं टपालात होता, तवा कोन सांभाळत होतं?”

यावर मला काही बोलता आले नाही. त्याच रात्री मुलीला फोन करून मधल्या भागातील खालच्या मजल्यावरची केबिन धरायला सांगितले. अनामत अंतिम रक्कम भरण्याच्या मुदतीपूर्वी रद्द केल्यास परत मिळणारी आहे, त्यामुळे शेंगेन व्हिसा नाकारला गेला तर विमान आहेच. सौभाग्यवतींची आता एकच तक्रार उरली आहे. पूर्वेकडे जाताना घड्याळ सहा वेळा एकेक तास पुढे करावे लागते, म्हणजे सहा दिवस तेवीस तासांचेच. “पैसे चोवीस तासांचे घेतात की तेवीसचे?” असे त्यांनी मुलीला विचारून ठेवले आहे, त्याचे उत्तर अद्याप आलेले नाही.

ठरल्याप्रमाणे बोट एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात सुटेल, मेच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही बार्सिलोनाला उतरू आणि १५ तारखेच्या आसपास गावी असू. मृग साधारण ७ जूनला लागतो. बियाणे आणि खतासाठी तीन आठवडे मिळतात, आणि तुरीचे बियाणे तर घरचेच आहे.