पावसाळ्यात लाकडी छपाई बंद ठेवायची का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: कोकणातल्या पावसाळ्यात जपानी पद्धतीची लाकडी छपाई बंद ठेवायची अजिबात गरज नाही. ही छपाई ओलसर कागदावरच होते. कोरलेल्या लाकडी ठोकळ्यावर पाण्यातला रंग आणि तांदळाची खळ ब्रशने एकत्र पसरायची, कागद ठेवायचा आणि मागून बारेनने, म्हणजे हातात धरायच्या चपट्या गोल गादीने, घासायचं. रत्नागिरीच्या मे महिन्यात पंख्याखाली कागदाच्या कडा बघता बघता सुकतात, जुलैत तो त्रास नसतो.

कागद मात्र बेताने भिजवा. एक कोझो कागद (कोझो झाडाच्या सालीचा जपानी कागद) ओल्या ब्रशने पुसायचा, त्यावर दोन कोरडे, अशी चळत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून रात्रभर वजनाखाली ठेवायची. सकाळी कागद गालाला गार लागावा, पण त्यावर पाण्याची चमक नको. चमक असेल तर रेषेबाहेर रंग फुटणारच.

खळीसाठी एक चमचा तांदळाच्या पिठाला पाच-सहा चमचे पाणी घ्या आणि पारदर्शक होईपर्यंत ढवळत शिजवा. दमट हवेत ती लवकर आंबते, म्हणून रोज थोडीच करा. खळ कमी पडली की छापात तिळासारखे ठिपके उमटतात. जास्त झाली की ब्रशचे ओरखडे दिसतात.

लाकूड निवडताना एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) टाळा, पाण्याने फुगतं. सागाची छिद्रं मोठी, बारीक रेषा तुटतात. शिवणीचं लाकूड त्या मानाने बरं. लाकूड त्याच्या अंगच्या रेषांच्या आडवं फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. म्हणून वेगवेगळ्या रंगांच्या सगळ्या ठोकळ्यांच्या लाकडाच्या रेषा एकाच दिशेला हव्यात.

छापात रंग जागेवरून सरकला की लगेच ठोकळ्यावरच्या खाचा कोरायला धावू नका. कागद जागेवर बसवणाऱ्या या दोन खाचांना केंतो म्हणतात. 1765 च्या सुमारास जपानी चित्रकार सुझुकी हारुनोबूच्या काळात बहरलेली बहुरंगी छपाई त्यांच्याच जोरावर उभी होती. आधी पाच-सहा छाप शेजारी मांडा. सगळ्यांत रंग सारखाच सरकला असेल तर दोष केंतोचा: पटाशीने किंचित तासा किंवा लाकडाची कपची चिकटवा. फरक छापागणिक वाढत गेला असेल तर कागद सुकतोय; केंतोला हात लावू नका, चळत पुन्हा ओलवा.

खरा शत्रू बुरशी. ओली चळत दोन-तीन दिवसांत संपवा, नाहीतर प्लॅस्टिकसकट फ्रीजरमध्ये ठेवा. छापलेले कागद टीपकागदांत दाबून वाळवा आणि टीपकागद रोज बदला.