पडदा उलटा बांधला तेव्हा

मागच्या आठवड्यात बुटीबोरीकडच्या एका ताईंचा फोन आला. डुकरांचं नवीन शेड, बारा माद्या, पिल्लं खोकून राहिली आहेत. "ताई, कोणतं इंजेक्शन देऊ?" मी आधी विचारलं, रात्री पडदे बंद करता का? "हो ना, एकदम घट्ट. थंडी किती पडून राहिली!" मला माझा २०२२ चा डिसेंबर आठवला. फोनवर अर्धंच बोलणं झालं, म्हणून सगळं सविस्तर इथे लिहिते.

आमचं शेड नागपूरहून उमरेड रोडने पाचगावच्या पुढे, आत वळलं की शेताच्या कडेला आहे. यॉर्कशायर आणि लँड्रेस जातीच्या माद्या, त्यांची पिल्लं, बाकी वाढीची जनावरं. सुरुवातीला लोक नाकाला पदर लावून रस्त्यावरून जायचे, आता विचारपूस करायला येतात. नागपूरचा उन्हाळा सगळ्यांना माहीत आहे, पण इथल्या थंडीला बाहेरचे लोक किरकोळ समजतात. २९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचा पारा ३.५ अंशांवर गेला होता. त्या रात्री आमची चार दिवसांची तीन पिल्लं गारठून गेली. तेव्हापासून थंडीची अशी धास्ती बसली की दिवाळी सरली की आम्ही शेडला चारही बाजूंनी ताडपत्री लावायचो आणि खालून विटा ठेवून दाबायचो. संध्याकाळी सहाला बंद, सकाळी आठला उघडायचं.

२०२२ ला दिवाळीनंतरच्या आठवड्यात वीस पिल्लं विकत आणली. भाव बरा मिळाला होता, पिल्लं दिसायला चकाचक होती. आणली आणि त्याच संध्याकाळी आमच्या पिल्लांच्या शेजारच्या खणात सोडली. मधली भिंत अडीच फुटांची, नाकाला नाक लागत होतं. नोव्हेंबर संपता संपता खोकला सुरू झाला. कोरडा, ठसका लागल्यासारखा. सकाळी उठवलं, पळवलं की आठ-दहा ठसके, मग शांत. खातपीत होती, म्हणून मी मनावर घेतलं नाही. आमच्याकडे काम करणारे काका म्हणाले, "ताई, थंडी वाजून राहिली असन पिल्लायले. पडदा अजून आवळा." आम्ही आवळला.

मग घरात ठेवलेलं पेनिसिलीनचं इंजेक्शन पाच दिवस दिलं. काडीचा फरक नाही. खोकला खणाखणांतून पुढे सरकत गेला. वीसाव्या दिवशी एक पिल्लू पोटाने श्वास घेताना दिसलं, कुशी भात्यासारख्या आतबाहेर होत होत्या. दुसऱ्या दिवशी ते गेलं. आठवड्यात आणखी तीन.

डॉक्टरसाहेब आले ते सकाळी सातला, पडदे उघडायच्या आधी. आल्या आल्या त्यांनी मेलेल्याला हात लावला नाही. आधी जिवंतांचे ताप घेतले, कान-पोटाचं कातडं बघितलं, कुठे लाल-निळे चट्टे आहेत का, नाकातून रक्त आहे का, मोठ्या माद्याही पडल्यात का, हे सगळं विचारलं. कारण आफ्रिकन स्वाइन फीवरचा संशय असेल तर जनावर उघडायचंच नाही, पशुसंवर्धन विभागाला कळवायचं. भारतात हा रोग २०२० मध्ये आसाम-अरुणाचलात पहिल्यांदा सापडला, त्याला उपचार नाही, आणि तो एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये माणसाच्या चपलेवरूनसुद्धा जातो. आमच्याकडे तशी काही लक्षणं नव्हती. ताप १०३-१०४ च्या घरात, मोठ्या माद्या ठणठणीत.

मग शेडमागे पोत्यावर त्यांनी पिल्लू उघडलं आणि मला जवळ बोलावलं. फुफ्फुसाचा मागचा मोठा भाग गुलाबी, बोटाने दाबला की स्पंजसारखा. पण पुढची आणि खालची टोकं जांभळट-करडी, कलेजीसारखी घट्ट, दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखी. चांगल्या भागाचा एक तुकडा आणि त्या घट्ट भागाचा एक तुकडा त्यांनी पाण्याच्या बादलीत टाकला. गुलाबी तरंगला, जांभळा थेट तळाला गेला. ज्यात हवाच शिरत नाही ते तरंगणार कसं? ते पाहून मला गलबलून आलं. महिनाभर ते पिल्लू अर्ध्या फुफ्फुसावर धावत होतं आणि मी खातंय ना म्हणून निश्चिंत होते.

त्यांनी रोगाच्या जंतूचं नाव मायकोप्लाझ्मा सांगितलं, वर दुसऱ्या जंतूंचा, पाश्चुरेलासारख्यांचा, कब्जा. नमुने आमच्या ह्यांनी सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेले. अधिवेशनाचे दिवस, दिघोरीपासून सिव्हिल लाइन्सपर्यंत जागोजागी बंदोबस्त, थर्माकोलच्या डब्यात बर्फ ठेवून दीड तास गेला. पण उपचार त्याआधीच सुरू झाले होते. पेनिसिलीन का लागू पडलं नाही, ते तेव्हा कळलं. पेनिसिलीन जंतूच्या बाहेरच्या भिंतीवर मारा करतं, आणि मायकोप्लाझ्माला भिंतच नसते. पाच दिवस आम्ही पिल्लांना नुसत्या सुया टोचल्या.

त्यानंतर डॉक्टरसाहेब म्हणाले, "ताई, इथं खाली बसा. पिल्लाच्या नाकाच्या उंचीवर. पाच मिनिटं." मी खणात उकिडवी बसले. उभी असताना मला थोडा वास येत होता, रोजचाच. खाली बसल्यावर मिनिटभरात डोळ्यांतून पाणी आलं आणि घसा खवखवला. जमिनीवरच्या मुतातून निघणारा अमोनिया रात्रभर त्या ताडपत्रीच्या आत कोंडत होता, आणि पिल्लं चौदा तास नाक त्यातच ठेवून झोपत होती. हा वायू २०-२५ पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत २०-२५ भाग) वर गेला की त्रास सुरू होतो. मोजायचं यंत्र आमच्याकडे नव्हतं आणि आपलं नाक सवयीने मरतं, म्हणून डोळे चुरचुरतात का हे बघायचं. श्वासनळीच्या आत बारीक बारीक केस असतात, ते धूळ आणि जंतू झाडूसारखे वर लोटत असतात. अमोनिया त्यांना लुळं करतो, आणि मायकोप्लाझ्मा नेमका त्यांनाच चिकटून त्यांना झडवतो. जंतू मी विकत आणला होता, पण त्याच्यासाठी जागा झाडून-पुसून मीच ठेवली होती.

आता पडद्याचं, कारण मला सगळ्यात जास्त हेच सांगायचं आहे. आमची ताडपत्री वरून बांधलेली आणि खाली सोडलेली होती, जशी सगळीकडे असते. जरा उघडायची म्हटलं की खालूनच उघडायची, आणि गार वारा थेट झोपलेल्या पिल्लाच्या पाठीवर. म्हणून आम्ही ती दाबून टाकायचो आणि कोंडमारा व्हायचा. डॉक्टरसाहेबांनी ती उलटी करायला लावली. खालची कड भिंतीला पक्की ठोकली, वरच्या कडेला दोरी आणि कप्पी. आता पडदा खालून वर चढतो. कितीही थंडी असो, वर एक फूट जागा मोकळी राहते. उबदार, ओली, घाण हवा वरूनच बाहेर जाते आणि पिल्लांच्या अंगाला वारा लागत नाही. छपराच्या आढ्याखालीही दोन पत्रे सरकवून फट ठेवली. खर्च म्हणाल तर दोरी, कप्प्या आणि एका वेल्डरची दिवसाची मजुरी.

ऊब हवेत शोधायची नाही, पिल्लाच्या अंगाखाली द्यायची. लहान पिल्लांना कोपऱ्यात लाकडी खोकं, त्यात बल्ब आणि खाली तणस. तणस भंडाऱ्याकडून धानाची आणतो. आधी सोयाबीनचं कुटार टाकायचो, पण त्याची धूळ फार उडते, ओलं झालं तर बुरशीही धरते. फरशी धुणं संध्याकाळी बंद केलं. हिवाळ्यात सकाळी अकराच्या आत धुतली तरच ती रात्रीपर्यंत सुकते. चुनी आणि कोंडा कोरडा ओतायचो तेव्हा शेडभर पांढरं धुकं व्हायचं, आता पाण्यात कालवून देतो. दहा बाय बाराच्या खणात अठरा पिल्लं होती, आता अकराच ठेवते.

औषधाचं एक फार महत्त्वाचं. डॉक्टरसाहेबांनी टायमुलिन हे अँटिबायोटिक पाण्यातून द्यायचं ठरवलं, कारण आजारी जनावर खाणं सोडतं पण पाणी पितं. चिठ्ठी लिहायच्या आधी त्यांनी विचारलं, "कोंबडीचं खाद्य देता काय?" आम्ही देत होतो. शेजारच्या पोल्ट्रीची बॅच निघाली की उरलेली पोती स्वस्तात मिळायची. कोंबडीच्या खाद्यात बहुतेकदा रक्ती हगवणीसाठी मोनेन्सिन किंवा सॅलिनोमायसिन मिसळलेलं असतं. ते आणि टायमुलिन एकत्र पोटात गेलं तर शरीर ते कोंबडीचं औषध बाहेर टाकू शकत नाही, डुकराचे पाय लुळे पडतात, मरतंही. विचारलं नसतं तर खोकल्याने चार गेली, औषधाने चाळीस गेली असती. आधी ती पोती शेडबाहेर काढली, जुनं खाद्य निघून जायला वेळ दिला, मग औषध. म्हणून कृपा करून दुकानातून परस्पर औषध आणू नका, आणि डॉक्टरांना काय खाऊ घालता ते पोत्यासकट दाखवा. औषध संपल्यावर किती दिवस विक्री करायची नाही तेही विचारून लिहून ठेवा. आपलं मटण कोणाच्या तरी पोराबाळांच्या ताटात जातं.

खोकला थांबला म्हणजे सुटलो असं नाही. बरं झालेलं जनावर सहा-सात महिने आणि त्याहूनही जास्त काळ जंतू बाळगतं. मेली चारच, पण उरलेली सात महिन्यांत जे वजन धरायची त्याला नऊ महिने लागले, आणि त्या दोन महिन्यांच्या खाद्याने वर्षाची कमाई खाल्ली. आता नवीन आणलेलं जनावर विहिरीपलीकडच्या कांद्याच्या जुन्या चाळीत तीस दिवस राहतं, त्याचे गमबूट आणि बादली वेगळी, त्याला चारा-पाणी सगळ्यात शेवटी. आणि एका वयाची पिल्लं एकदम खणात जातात, एकदम निघतात. मागे राहिलेलं बारकं पिल्लू पुढच्या बॅचमध्ये ढकलायचं नाही. मला हे सगळ्यात जड गेलं, जीव तुटतो. पण ते बारकं राहिलेलं असतं ते बहुतेकदा आजारानेच. खण रिकामा झाला की धुऊन, चुना मारून, खडखडीत वाळवायचा.

सगळा खोकला मायकोप्लाझ्माचाच असतो असंही नाही. जंताची अंडी पोटात गेली की अळ्या फुफ्फुसातून फिरतात आणि पिल्लू खोकतं. मोकळी चरणारी जनावरं गांडुळं खातात, त्यातून फुफ्फुसातले जंत होतात. जंताचं औषध वेळेवर द्या. स्वाइन फीवरची (आफ्रिकन नव्हे, क्लासिकल) लस चुकवू नका. आणि घरात कोणाला फ्लूसारखा ताप असेल तर त्याने शेडमध्ये पाऊल ठेवायचं नाही. २००९ चा तो फ्लू माणसांकडून डुकरांनाही लागतो, हे मी गावात अजून समजावत असते.

उन्हाळ्यात वेगळीच फसगत होते. मे महिन्यात दुपारी अख्खं शेड धापा टाकतं, डुकराला घामच येत नाही. म्हणून मी श्वास मोजते ते पहाटे साडेपाचला. उन्हाची धाप तोवर उतरलेली असते. ज्याची उतरली नाही ते आजारी. कूलर मे-जूनच्या कोरड्या हवेत छान काम करतो, मृग बरसला की बंद करायचा, नाहीतर नुसती ओल वाढते.

दर रविवारी मी एक वही घेऊन बसते. सगळ्यांना उठवायचं, मिनिटभर थांबायचं, मग तीन मिनिटं खणागणिक ठसके मोजायचे. डिसेंबर २०२२ च्या पानावर एका खणात अठरा पिल्लांचे एकतीस ठसके लिहिलेले आहेत. गेल्या रविवारी अठ्ठावन्न जनावरांत दोन ठसके, दोन्ही चार नंबरच्या खणातल्या एकाच पिल्लाचे. त्या पिल्लाच्या पाठीवर निळी खूण केली आहे.

काल बुटीबोरीच्या ताईंनी फोटो पाठवला. पडदा उलटा बांधला, वर फूटभर जागा सोडली. पण फोटोत पिल्लं एकमेकांच्या अंगावर चढून झोपलेली दिसली, म्हणजे खालून गार लागतंय. मोकळी, कुशीवर, पाय पसरून झोपायला हवीत. मी लगेच फोन केला, पडद्याला हात लावू नका, तणस दुप्पट करा, आणि उद्या पहाटे परत फोटो पाठवा.