रोत्से की रोत्सा

गुरुवार, रात्री साडेअकरा

एवढंसं काहीतरी आहे. पण भांडी घासताना तेच, कपडे वाळत घालताना तेच, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

आज इथे इस्राएलमध्ये, बेर शेवाच्या बाजारात भेंडी मागितली. हिब्रूत. भेंडीला इकडे बामिया म्हणतात. बसमध्ये अख्खा रस्ता वाक्य घोळवत होते : अनी रोत्सा खत्सी किलो बामिया. मला अर्धा किलो भेंडी हवी. 'खत्सी'चा ख उल्पानमधल्या, म्हणजे हिब्रूच्या वर्गातल्या बाईंनी शिकवलाय तसा, घशातून, गुळणी करावी तसा. तो नेमका जमला. पण त्याआधीच तोंडातून निघून गेलं होतं, "अनी रोत्से."

पोरगा हसलासुद्धा नाही. पिशवी भरली, गाठ मारली आणि म्हणाला, "टेन शेकेल, मॅडम."

मॅडम!

इथे आकड्यांनाही लिंग असतं. शेकेल म्हणजे इथला रुपया, तो पुल्लिंगी, म्हणून वर्गात 'असारा श्कालिम' म्हणायचं आणि बाजारात सगळे बिनधास्त 'एसेर शेकेल' म्हणतात. दोन्ही पाठ करून गेले होते. आलं तिसरंच, टेन.

रोत्सेचं म्हणाल तर पुरुष रोत्से, बाई रोत्सा. करतो म्हणजे ओसे, करते म्हणजे ओसा. जन्मभर जी बाई करते, जाते, येते म्हणत आली तिच्या जिभेला 'ए' बायकांचाच वाटणार ना? बाई म्हणतात, तुझ्या भाषेतही क्रियापदाला लिंग आहे, तुला सोपं जाईल. सोपं कसलं, नेमकं उलटं आहे. शेजारच्या बाकावरच्या रशियन बाईला ही भानगडच नाही. वर्तमानकाळात तिच्याकडे बाई आणि बुवा एकच. ती कोऱ्या पाटीवर लिहिते, मी आधीचं पुसत बसते.

हा म्हणाला, "अगं, गर्दी असेल, गुरुवार आहे." ह्याच्या लॅबमध्ये सगळा कारभार इंग्रजीत. ह्याला काय... जाऊ दे.

पण मग टोचतंय काय? पोरगा उद्धट नव्हता. उलट सोयच बघितली त्याने माझी. तेच टोचतंय बहुतेक. तीन महिने रोज सकाळी डब्याच्या आधी बावीस अक्षरं गिरवली, छापील वेगळी, हाताची वेगळी, तीही स्वरांशिवाय. तेच तीन वर्ण, वाचलं तर सेफेर म्हणजे पुस्तक, नाहीतर सपार म्हणजे न्हावी. एवढं सगळं करून दाराशी गेले आणि आतून कोणीतरी प्रेमाने म्हणालं, तुम्ही कशाला त्रास घेता, आम्हीच बाहेर येतो.

मराठीत मी अशी नाही हो. मराठीत मी कढीपत्ता फुकट घेतल्याशिवाय हललेली नाही.

वर्गात बेन यहुदाच्या, म्हणजे हिब्रू पुन्हा बोलती करणाऱ्या माणसाच्या मुलाबद्दल सांगितलं होतं. 1882चा जन्म. घरात फक्त हिब्रू, दुसरी भाषा कानावर पडू नये म्हणून बाहेरच्या पोरांतही सोडायचे नाहीत. तेव्हा वाटलं होतं, बिचारं लेकरू. आज हेवा वाटला. त्याला इंग्रजीत उत्तर द्यायला घरात कोणी नव्हतं.

आणि आत्ता, हे लिहिताना, चौथ्या मजल्यावरच्या मिश्रा वहिनी आठवल्या. कशाला आठवल्या कोण जाणे. ठाण्याला नवीन आल्या होत्या, मराठी शिकायची फार हौस. दारात उभं राहून एक एक शब्द जुळवत म्हणायच्या, "माझा मुलगी शाळेतून आला." आणि मी? "अच्छा, आ गई? आइए ना, बैठिए." दर वेळी. त्या मराठीत विचारायच्या, मी हिंदीत उत्तर द्यायचे. वर जेवताना ह्याला 'माझा मुलगी आला' करून दाखवायचे. वर्षभराने त्या हिंदीच बोलायला लागल्या आणि मला वाटलं, चला, मोकळ्या झाल्या आता.

अगदी मनापासून वाटलं होतं की मी त्यांची सोय बघतेय.

झोपते. दुपारी आईशी फोनवर झालं ते वेगळंच, ते आज नको.

रविवार

इथल्याच दिमोना गावच्या, कोकणातून येऊन स्थायिक झालेल्या मावशींना फोन केला. त्यांचं मराठी अजून अलिबागच्या वाटेवरचं, मधे मधे 'रेगा' म्हणजे थांब जरा. सगळं ऐकून म्हणाल्या, "आम्हाला कोण इंग्लिशमध्ये सांगनार होता? कापडाच्या कारखान्यात शिव्या खाऊन शिकलो. तू सांग त्याला, अनी लो मेदाबेरेत अंग्लित. इंग्लिश येतच नाय मला." आणि खो खो हसल्या.

गुरुवारची भेंडी अर्धी जून निघाली होती, ते मी मावशींना सांगितलं नाही. पिशवी त्याने भरली, मी मॅडम होऊन बघत राहिले.

आज परत गेले. तोच पोरगा. वाक्य वगैरे काही घोळवलं नाही. सरळ ढिगात हात घातला आणि आपण घरी करतो तसं शेंडा मोडून बघितला. कट्. दुसरी, कट्. तिसरी वाकली नुसती, बाजूला टाकली.

तो ओरडला, "मा अत ओसा?"

काय करतेयस तू! तीन शब्द, तिन्हीच्या तिन्ही कळले, 'ओसा'सुद्धा. 'जून'ला काय म्हणतात ते मला अजून येत नाही. म्हणून वाकलेली भेंडी त्याच्या नाकासमोर धरली आणि म्हटलं, "लो रोत्सा."

मग त्याने पाच मिनिटं मला झापलं. पूर्ण हिब्रूत.