फॅन्टसी वाचायचीय? लेखकाआधी पहिलं पुस्तक ठरवा

‘फॅन्टसीत काय वाचू?’ असं कुणी विचारलं की आपण टॉल्किन, प्रॅचेट, सँडरसन अशी नावं घडाघडा सांगून मोकळे होतो. विचारणारा बिचारा मालिकेतलं पहिल्या क्रमांकाचं पुस्तक उचलतो आणि शंभराव्या पानाच्या आसपास गळपटतो. मग ‘हे आपल्यासाठी नाही’ असं ठरवून टाकतो. खरं तर बहुतेक वेळा लेखकही बरा असतो आणि वाचकही. सुरुवात तेवढी चुकलेली असते. म्हणून इथे लेखकांच्या नावांबरोबर सुरुवात कुठून करायची आणि पुढे गाडी कुठे अडते, तेही सांगायचं आहे.

टेरी प्रॅचेटपासूनच सुरू करू, कारण तिथे ही चूक सगळ्यात जास्त होते. त्याच्या ‘डिस्कवर्ल्ड’ मालिकेत ४१ कादंबऱ्या आहेत. पहिली, ‘द कलर ऑफ मॅजिक’, १९८३ची. तिच्यात तो तलवारी आणि जादूगारांच्या जुन्या कथांची टर उडवतो. त्या कथाच वाचलेल्या नसतील तर निम्मे विनोद डोक्यावरून जातात. शिवाय तोवर त्याला स्वतःचा सूरही सापडलेला नव्हता. ती सरळ बाजूला ठेवा आणि आठवी, ‘गार्ड्स! गार्ड्स!’ (१९८९), हातात घ्या. एका बकाल शहराचं मरगळलेलं रात्रपाळीचं पोलीस पथक, त्याचा दारुडा कप्तान वाइम्स, आणि अचानक उगवलेला ड्रॅगन. त्यात एक प्रसंग आहे. ड्रॅगनला एकाच बाणात पाडायचं आहे. गोष्टींमध्ये ‘दहा लाखांत एक’ अशी शक्यता असली की ती हमखास साधते, हे शिपायांना पाठ आहे. पण आपली शक्यता नेमकी दहा लाखांत एक आहे की थोडी इकडेतिकडे, ही त्यांना धास्ती. म्हणून नेमबाजाला एका पायावर उभं कर, आणखी काहीबाही अडचणी घाल, असं करत ते नेम मुद्दाम अवघड करत आकडा जुळवायला बघतात. पुढे काय होतं ते सांगत नाही, पण प्रॅचेटचा विनोद कसा चालतो ते या एका प्रसंगात कळतं: गोष्टींचे नियम पात्रांना ठाऊक असतात आणि ती ते अगदी गंभीरपणे वापरतात.

पुढे याच पथकाच्या कादंबऱ्या क्रमानं वाचा. ‘नाइट वॉच’चं (२००२) फार कौतुक ऐकू येतं म्हणून लोक तिच्यावरच उडी मारतात. तसं करू नका. त्यात वाइम्स भूतकाळात जातो आणि ओळखीच्या पात्रांची तरुण रूपं भेटतात. मुळात ओळखच नसेल तर मजा कसली? एकच सुटं पुस्तक हवं असेल तर ‘स्मॉल गॉड्स’ (१९९२). खरा भक्त एकच उरल्यामुळे कासव होऊन बसलेला देव त्यात आहे. तळटिपा गाळू नका, निम्मा माल तिथेच असतो. यातल्या बहुतेक पुस्तकांत प्रकरणं नाहीत, त्यामुळे ‘एवढं प्रकरण संपवून झोपते’ हा बेत इथे चालत नाही.

उर्सुला ले ग्विनबाईंचं उलट आहे. त्यांच्या बाबतीत पहिल्यापासूनच सुरुवात करायची: ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ (१९६८). पुस्तक छोटं आहे, पण भरभर वाचलंत तर हाती काही लागणार नाही. ज्या प्रसंगावर दुसऱ्या लेखकानं तीस पानं खर्ची घातली असती, तो बाई एका परिच्छेदात उरकतात. लोक अडतात ते दुसऱ्या पुस्तकात, ‘द टूम्ब्स ऑफ अतुआन’मध्ये. नायक गेड कितीतरी पानं दिसतच नाही. त्याऐवजी जमिनीखालच्या चक्रव्यूहाची राखण करणारी एक किशोरवयीन पुजारीण. खाली उजेड न्यायला बंदी, त्यामुळे ती भिंतींना हात लावत, वळणं मोजत सगळे रस्ते पाठ करते. आणि एके दिवशी त्या अंधारात तिला दिवा दिसतो. सुरुवातीच्या त्या संथ पानांमुळेच तो उजेड वाचणाऱ्यालाही धक्का देतो. नायक येईपर्यंत पानं चाळत राहिलात तर मालिकेतला सगळ्यात चांगला क्षण हुकेल. चौथं पुस्तक ‘तेहानू’ १९९०चं, म्हणजे तिसऱ्यानंतर १८ वर्षांनी आलेलं. सूर वेगळा, मोठ्यांसाठीचा. ते तिसऱ्याला जोडून वाचण्यापेक्षा मध्ये थोडा काळ जाऊ द्या. ‘टेल्स फ्रॉम अर्थसी’ मात्र ‘द अदर विंड’च्या आधीच वाचायला हवं, कारण त्यातल्या एका कथेतलं पात्र पुढे महत्त्वाचं ठरतं.

टॉल्किनबद्दल नवं काय सांगणार? आधी ‘द हॉबिट’ (१९३७), मग ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ (१९५४-५५). त्याची प्रस्तावना पहिल्यांदा खुशाल सोडा. हॉबिटांच्या, म्हणजे त्यातल्या बुटक्या लोकांच्या, चालीरीती आणि तंबाखू नंतर वाचलं तरी चालतं. वाढदिवसाच्या मेजवानीनंतर नायक फ्रोडो घर सोडेपर्यंत कथेत १७ वर्षं जातात, तेव्हा सुरुवात रेंगाळते असं वाटलं तर ते खरंच आहे. दुसरी अडचण ‘द टू टॉवर्स’ या दुसऱ्या खंडात. अर्धं पुस्तक एका गटाचं, उरलेलं अर्धं फ्रोडो आणि सॅमचं. दोन्हींची सरमिसळ नाही. हे आधी माहीत असलं की चुळबुळ होत नाही. त्यानंतर लगेच ‘द सिल्मरिलियन’ घेऊ नका. आधी ‘द चिल्ड्रन ऑफ हुरिन’ (२००७) वाचा. जग तेच, पण एकच सलग शोकांतिका असल्यानं नावांच्या गर्दीत हरवायला होत नाही.

जादूचे नियम गणितासारखे हवे असतील तर ब्रँडन सँडरसन. त्याच्या ‘मिस्टबॉर्न’मध्ये (पहिलं पुस्तक २००६) माणसं धातूचा कीस गिळतात आणि पोटात तो ‘जाळून’ शक्ती मिळवतात. पोलादानं जवळचा धातू ढकलता येतो. पण ढकलणारा आणि वस्तू यांच्यात जे हलकं तेच हलतं. नाणं हवेत असेल तर ते गोळीसारखं सुटतं. तेच नाणं जमिनीला टेकलेलं असेल तर ढकलणाराच वर फेकला जातो. या एवढ्याशा नियमावर तो छपरांवरून उड्डाणं, मारामाऱ्या, पाठलाग सगळं उभं करतो. भाषा मात्र साधी, कधी कधी सपाटच. दुसरं पुस्तक वेढ्यात अडकलेल्या शहरात आणि दरबारी राजकारणात बरंच रेंगाळतं, पण तिसऱ्याची सगळी जुळवाजुळव तिथेच असल्यानं ते टाळता येत नाही. ‘द वे ऑफ किंग्ज’ (२०१०) हजार पानांचं. त्यातून सुरुवात करू नये असं माझं स्पष्ट मत. मिस्टबॉर्नचे तिन्ही भाग, मग ‘वॉरब्रेकर’, मग ते. ‘वॉरब्रेकर’ त्याआधी का? कारण त्यातली काही मंडळी ‘द वे ऑफ किंग्ज’च्या पुढच्या भागांत डोकावतात आणि न वाचलेल्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

माणसं महत्त्वाची, जादू दुय्यम, असं वाटत असेल तर रॉबिन हॉब. ‘असॅसिन्स अप्रेंटिस’पासून (१९९५) सुरू होणारी एकूण १६ पुस्तकं, पाच गटांत. पहिल्या त्रयीतला फिट्झ इतका जवळचा वाटायला लागतो की दुसऱ्या त्रयीत तो निवेदक नाही म्हटल्यावर लोक ती वगळून थेट तिसरीकडे जातात. मोठी चूक! दुसऱ्या त्रयीतली जहाजं जिवंत होतात, तीही एकाच घराण्यातल्या तीन पिढ्यांचे मृत्यू डेकवर झाल्यानंतर. तिथली माणसं आणि गुपितं पुढे परत येतात.

आंद्रझेय सापकोव्स्कीच्या ‘विचर’ मालिकेत घोटाळा अनुवादांनी केला. ‘द लास्ट विश’ आणि ‘सोर्ड ऑफ डेस्टिनी’ हे दोन कथासंग्रह आधीचे, पाच कादंबऱ्या नंतरच्या. इंग्रजीत मात्र २००७ला पहिला संग्रह आला, २००८ला थेट पहिली कादंबरी ‘ब्लड ऑफ एल्व्ज’, आणि दुसरा संग्रह २०१५ला. नायक गेराल्ट आणि सिरी नावाची पोर यांची भेट नेमकी त्या राहून गेलेल्या संग्रहात! ती न वाचता कादंबरीत गेलात तर या पोरीसाठी हा एवढा जीव का टाकतोय, असा प्रश्न पडतो. नंतर आलेली सुटी कादंबरी ‘सीझन ऑफ स्टॉर्म्स’ शेवटी.

लांबच लांब मालिकेचा सोस असेल तर रॉबर्ट जॉर्डनची ‘व्हील ऑफ टाइम’: मुख्य १४ खंड, १९९० ते २०१३. जॉर्डन २००७ला गेला, शेवटचे तीन सँडरसननं पुरे केले. आठव्यापासून वेग पडतो आणि दहाव्यात जवळजवळ थांबतो, कारण नवव्याच्या शेवटी जी मोठी घटना घडते, त्या वेळी बाकीची पात्रं काय करत होती हेच तिथे बराच वेळ चालतं. तो खंड भरभर वाचलात तरी पाप लागणार नाही. अकरावा खणखणीत आहे.

जॉर्ज मार्टिन आणि पॅट्रिक रॉथफस दोघेही उत्तम, पण मालिका अर्ध्यावर. मार्टिनच्या ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’चा पाचवा खंड २०११चा, रॉथफसच्या ‘किंगकिलर क्रॉनिकल’चा दुसराही २०११चाच. शेवट हवाच असेल तर तिकडे फिरकू नका. मार्टिनचे चौथा आणि पाचवा खंड बऱ्याच अंशी एकाच काळात, वेगवेगळ्या प्रदेशांत घडतात. चौथ्यात लाडकी पात्रं गायब दिसली तर पुस्तक अपुरं छापलंय असं समजू नका.

पात्रांची नावं पाठ करायच्या भानगडीत पडू नका. महत्त्वाचं नाव चार वेळा समोर येतंच. एखादं अडलं तर ते नेटवर शोधायचं मात्र नाही, कारण चाहत्यांच्या माहितीपानावर पहिल्याच चौकटीत ते पात्र कुणाच्या हातून मेलं ते लिहिलेलं असतं. पुढच्या खंडाचं मलपृष्ठही आधी वाचू नका. ई-बुकमध्ये नकाशे धूसर दिसतात. नकाशाचं चित्र वेगळं उतरवून फोनमध्ये ठेवलेलं बरं.

आणि मालिका नकोच असेल तर सुझॅना क्लार्कचं ‘पिरानेझी’ (२०२०). जेमतेम अडीचशे पानं. पुतळ्यांनी भरलेली, संपता न संपणारी दालनं, खालच्या मजल्यांत येणारा समुद्र, आणि भरती-ओहोटीचा हिशेब ठेवणारा एक माणूस. रोजनिशीतल्या तारखा विचित्र आहेत. पहिली चाळीस पानं गोंधळायला होतं, ते तसंच अपेक्षित आहे. त्या तारखांवर लक्ष ठेवा, आणि पुस्तकाबद्दल याहून जास्त काही न वाचता सुरू करा.